सव्हानातला वणवा: राखेखालीही पाहा

संपादक महोदय,

सव्हानात, म्हणजे विखुरलेली झाडे असलेल्या गवताळ प्रदेशात, वणवा लागला की 'हजारो हेक्टर जंगल खाक' असा मथळा येतो आणि सोबत काळ्याठिक्कर जमिनीचे छायाचित्र असते. छायाचित्र खरे असते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. सव्हानातल्या वनस्पतींचा मोठा भाग, अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक, मातीखाली असतो. नुकसान किती झाले हे तिथे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

गवताची आग झपाट्याने पुढे सरकते. ज्वाळेचे तापमान काहीशे अंश असले तरी ती एका जागी फार तर मिनिटभर टिकते, आणि कोरडी माती उष्णता सहजासहजी खाली जाऊ देत नाही. ब्राझीलमधल्या सेराडो या सव्हानात घेतलेल्या मोजमापांत एक सेंटीमीटर खोलीवर माती जास्तीत जास्त 55 अंश सेल्सिअसपर्यंत तापली. पाच सेंटीमीटरवर फरक नगण्य होता. जिवंत पेशी साधारण 60 अंशांना मरतात. त्यामुळे मुळे आणि बुंध्याच्या जमिनीतल्या गाठीवरचे सुप्त डोळे शाबूत राहतात. पडलेल्या ओंडक्यांची गोष्ट मात्र निराळी. ओंडका तासन्‌तास धुमसतो, त्याखालची माती खोलवर भाजते आणि तिथली मुळे व बिया दोन्ही जातात. पाहणी करताना ही जागा वेगळी नोंदवायला हवी.

जळालेल्या गवताचा ठोंब हाताने उकलून पाहावा. जुन्या पानांची आवरणे एकावर एक घट्ट बसलेली असतात. बाहेरची करपून काळी होतात, आतली फिकट राहतात आणि अगदी तळाशी, मातीच्या पातळीला, पांढरा कोंब ओला असतो. कुसळी गवताच्या बीला लांब, पीळ असलेले कुसळ असते. हवेतल्या दमटपणानुसार तो पीळ सुटतो आणि बसतो, त्यामुळे बी गिरमिटासारखे मातीत शिरते आणि ज्वाळेपासून वाचते.

झाडाचे गणित वेगळे आहे. सालीची जाडी दुप्पट झाली की आतल्या वाढीच्या थराला मरणाच्या तापमानापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. रोपाची साल पातळ आणि शेंडा ज्वाळेच्या टप्प्यात, म्हणून ते वरून जळते आणि मुळांत साठवलेल्या स्टार्चवर पुन्हा फुटते. पुढच्या आगीआधी दोन-तीन मीटरची उंची गाठली तरच ते सुटते. नाही गाठली तर पुन्हा जळून खाली. कमरेएवढे दिसणारे 'रोप' म्हणूनच कित्येकदा बऱ्याच वर्षांचे असते आणि त्याचे मूळ मनगटाएवढे जाड असते. दक्षिण आफ्रिकेतल्या पॅरिनारी कॅपेन्सिस या झुडपाचा तर सगळा लाकडी पसारा जमिनीखाली असतो, वर वीतभर पाने. अशा वनस्पतींच्या समूहांना फ्रँक व्हाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1976 मध्ये आफ्रिकेची 'भूमिगत जंगले' म्हटले, ते अगदी योग्य होते.

आग किती तीव्र, हे मोजता येते. चौरस मीटरवर 0.4 किलो वाळले गवत, किलोमागे सुमारे 18,000 किलोज्यूल उष्णता आणि सेकंदाला अर्धा मीटर वेग, यांचा गुणाकार केला तर आगीच्या पुढे सरकणाऱ्या कडेच्या दर मीटरला 3,600 किलोवॅट येतात. तेच गवत वाऱ्याच्या उलट दिशेने, सेकंदाला दोन सेंटीमीटर वेगाने जळाले तर फक्त 144. पण कमी आकडा म्हणजे कमी इजा, असे समजू नये. वाऱ्याच्या उलट सरकणाऱ्या आगीची ज्वाळा बुटकी असते, ती ठोंबाच्या तळाशी रेंगाळते आणि गवताचे कोंब मारते. वाऱ्याबरोबरची उंच आग झाडोऱ्याचे शेंडे जाळते. नियोजनपूर्वक जाळताना कशाला आवर घालायचा आहे, हे आधी ठरवायचे ते यासाठीच.

खरे नुकसान वेळ चुकल्याने होते. कोरड्या ऋतूत गवत सुप्त असते, त्याचा अन्नसाठा तळाशी सुरक्षित असतो. पहिल्या पावसानंतर हिरवे पाते फुटले की तो साठा खर्ची पडलेला असतो. तेव्हा आग लागली तर पुन्हा फुटायला शिल्लक कमी. जळालेल्या कुरणात कोवळे पाते दिसताच गुरे सोडणे हाही तोच घाव. पाने वारंवार खुडली गेली की नव्या मुळांची वाढ थांबते, मुळे उथळ राहतात आणि पुढच्या कोरड्या काळात ठोंब वाळतो. राखेतून पोटॅशियम, कॅल्शियम मिळतात, पण गवतातला बराचसा नायट्रोजन धुरावाटे निघून जातो. दरवर्षी जाळून जमीन सुपीक होते हा समज सोडावा.

आग पूर्ण बंद करणे हाही उपाय नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात 1954 पासून वेगवेगळ्या अंतराने व ऋतूंत जाळलेले आणि मुळीच न जाळलेले पट्टे शेजारी-शेजारी राखले आहेत. जास्त पावसाच्या सव्हानात आग थांबली की झाडोरा दाटतो आणि सावलीत गवत मरते. आफ्रिकेत साधारण 650 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर मात्र झाडांना पाऊसच अडवतो. म्हणून एकाच ठिकाणचा नियम सगळीकडे लावता येत नाही. दमट, पातळ सालीच्या जंगलाला तर यातले काहीच लागू नाही. तिथे छोटी आगही झाडे मारते.

आपल्या वार्ताहरांनी बातमीत एवढे जरूर द्यावे: आग कोणत्या महिन्यात लागली, आधीची कधी होती, खोडावर करपल्याची खूण किती उंच आहे, ओंडके किती धुमसले. आणि जळालेल्या जागेवर लगेच नांगर किंवा यंत्राने खड्डे खोदण्याच्या योजनांचे कौतुक छापू नये. आग जे मारू शकली नाही ते मूळ आणि डोळे नांगर उपटून टाकतो, आणि ते भरून यायला कित्येक दशके लागतात. लागवडीचा निर्णय घेण्याआधी चांगला पाऊस होऊन काही आठवडे जाऊ द्यावेत. मग ठोंबांतून कोंब आणि बुंध्यांतून धुमारे किती फुटले हे मोजावे, आणि जिथे काहीच फुटले नाही तेवढ्याच जागेचा विचार करावा.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे काही अध्यापक