पणजोबा दप्तरात सापडले

महोदय,

जातपडताळणीची वेळ आली की गावातली माणसं पणजोबा शोधायला धावतात. मीही धावलो. तहसीलच्या अभिलेखागारातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढली. बापाचं नाव, जात, तारीख सगळं होतं, बाळाच्या जागी नुसतं ‘मुलगा’! (बारशाआधीच कोतवालानं नोंद करून टाकलेली.) शाळेचा दाखल-खारीज (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) आणि १९५४-५५चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद) शेजारी ठेवला तेव्हा कुठे नाव जुळलं. आजीचं माहेर मात्र एकाही दप्तरात नाही. ते सांगितलं शेजारच्या म्हातारीनं. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत आमच्या गावाचं पान निघालं, पण जुना मजकूर मोडी लिपीत. तिथे घोडं अडलं. तालुक्याच्या वाचनालयानं दिवाळीच्या सुटीत मोडीचा वर्ग भरवावा. पहिलं नाव माझं लिहा.

— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)