फर्नांडाची अंगठी

चि. ईरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' ही कादंबरी वाचून संपवल्याचे तुझे पत्र पोहोचले. बुएन्दिया घराण्याच्या सात पिढ्या त्याच त्या नावांनी जन्माला येतात, तेच ते करून मरतात आणि अखेर एक वादळ सगळे गाव पुसून टाकते. मग एवढे वाचून हाती काय लागले, असा तुझा सवाल आहे. त्यामागची चीड मला रास्त वाटते. आर्कादिओ आणि औरेलियानो यांच्या गर्दीत कोण कोणाचा मुलगा हे कळेनासे झाले की पुस्तक मिटावेसे वाटतेच, आणि आपला कधीच गोंधळ उडाला नाही असे सांगणाऱ्या वाचकांवर माझा फारसा विश्वास नाही.

तरीही एका किरकोळ वाटणाऱ्या प्रसंगाकडे तुझे लक्ष वेधावेसे वाटते. म्हातारपणी घराण्याची मूळ आई उर्सुला हिची दृष्टी जाते, पण ती हे घरात कुणाला कळू देत नाही. कानाकोपऱ्यातली चाहूल घेत वावरताना तिच्या ध्यानात येते की घरातले प्रत्येक माणूस रोज त्याच वाटेने फिरते, तीच कामे करते आणि ठरावीक वेळी जवळजवळ तेच शब्द बोलते. एके दिवशी तिची पणतसून फर्नांडा हिची लग्नातली अंगठी हरवते. फर्नांडा आपल्या रोजच्या वाटेवर सगळीकडे शोधते. अंगठी सापडते मात्र आंधळ्या उर्सुलाला. आदल्या रात्री ढेकूण दिसल्यामुळे फर्नांडाने त्या दिवशी गाद्या उन्हात टाकल्या होत्या, एवढीच काय ती गोष्ट रोजच्यापेक्षा निराळी घडली होती. त्यावरून, मुलांचा हात पोहोचू नये म्हणून तिने अंगठी फळीवर ठेवली असणार, हे उर्सुला ताडते.

कादंबरीचा अर्थ शोधताना आपण बहुतेक फर्नांडासारखे वागतो. नावे तीच, एकाकीपण तेच, म्हणून 'काळ गोल फिरतो' असे म्हणून मोकळे होतो. हे खोटे नाही. पण ते उर्सुला स्वतःच बोलून दाखवते, म्हणजे लेखकाने ते आपल्या हाती आयतेच ठेवले आहे. मला वाटते, प्रत्येक फेरीत काय निराळे घडले हे पाहावे.

उर्सुलाचा मुलगा कर्नल औरेलियानो याचे सोन्याचे मासे घे. बत्तीस बंडे हरून घरी परतलेला हा माणूस आधी मासे विकतो, मिळालेल्या सोन्याच्या नाण्यांचे पुन्हा मासे घडवतो, आणि या व्यवहाराला काय अर्थ आहे हे उर्सुलाला काही केल्या उमगत नाही. पुढे लोक ते दागिना म्हणून नव्हे तर इतिहासाची आठवण म्हणून घेतात हे कळल्यावर तो विक्री बंद करतो. रोज दोन मासे घडवायचे आणि पंचवीस झाले की वितळवून टाकायचे. बाहेरून पाहणाऱ्याला चक्र तेच दिसते. पण पहिल्या चक्रात निदान जग येऊन दार ठोठावत होते, दुसऱ्यात तो एकटाच उरला आहे. त्याची बहीण आमारांता स्वतःचे कफन विणते तेव्हा तीही दिवस लांबवतच असते. मात्र ते पूर्ण झाले की आपण मरणार हे तिला ठाऊक असते, आणि एके दिवशी ती ते पूर्ण करते. ही दोन कामे मी एका मापाने मोजणार नाही.

घराण्याचा इतिहास पुरता ओळखून असलेली, पत्त्यांवरून भविष्य सांगणारी पिलार तेर्नेरा शेवटी जाणते की हे चाक अनंत काळ फिरत राहिले असते, पण त्याचा आस झिजत चालला होता. हा आस म्हणजे स्मृती, असे माझे मत आहे. कादंबरीत केळीच्या मळ्यांतील संपकऱ्यांवर गोळीबार होतो, तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याचे उर्सुलाचा पणतू होसे आर्कादिओ सेगुंदो सांगत राहतो आणि गावात कुणीही त्यावर विश्वास ठेवत नाही. कोलंबियातील सिएनागा येथे डिसेंबर 1928 मध्ये युनायटेड फ्रूट कंपनीविरुद्ध संप करणाऱ्या मजुरांवर लष्कराने खरोखरच गोळीबार केला होता; मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. तेथून फार दूर नसलेल्या आराकाताका गावी मार्केस यांचा जन्म 1927 साली झाला. म्हणून मी या पुनरावृत्तीला नियती म्हणायला तयार नाही. माणसे विसरतात, किंवा त्यांना विसरायला लावले जाते, आणि मग तेच पुन्हा घडते.

शेवटाबद्दल तू फक्त वादळाविषयी लिहिलेस. मेल्कियादेस या जिप्सीची, याच घराण्याची कहाणी आधीच लिहून ठेवलेली संस्कृतातील हस्तलिखिते याआधीही त्या घरातल्या काहींनी हाती घेतली होती. ती पूर्ण उलगडणारा हा शेवटचा औरेलियानो पहिलाच. वारा दारे-खिडक्या उखडत असताना तो वाचत राहतो, हेच त्या शेवटच्या फेरीतले निराळेपण. पण नीट वाच: आपल्याला पुरते ठाऊक असलेल्या गोष्टींत वेळ जाऊ नये म्हणून तो मध्येच अकरा पाने गाळून पुढे जातो. त्या पानांत काय होते, हे मार्केस सांगत नाहीत, आणि मला तो शेवट वादळापेक्षा त्या गाळलेल्या पानांमुळेच अधिक अस्वस्थ करतो. तुला काय वाटते ते सवडीने कळव.

तुझे बाबा