शटरच्या वरची पेटी वर्षातून एकदा तरी उघडावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आषाढातील एका सकाळी आमच्या दुकानाचे शटर उघडताना ते जिथे गुंडाळले जाते त्या वरच्या पेटीतून फटाका फुटावा तसा आवाज आला आणि कमरेपर्यंत आलेले शटर डावीकडे कलून धाडकन खाली आदळले. ते उचलणारा माझा पुतण्या वेळीच मागे सरकला, म्हणून पायाच्या अंगठ्याच्या नखावर निभावले. दुपारी मिस्त्री आले, त्यांनी पेटीचा पत्रा काढला आणि तुटलेली स्प्रिंग माझ्या हातात दिली. तिच्या वेटोळ्यांमध्ये वाळलेल्या मातीचा थर बसला होता. नखाने खरवडल्यावर तांबूस भुकटी पडली, आणि त्याखालची पोलादी पट्टी गंजाने जागोजागी खाल्लेली दिसली. ही माती २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हाची होती. त्या पुरानंतर आम्ही सर्वांनी दुकाने धुतली, भिंती रंगवल्या, फळ्या बदलल्या, शटरही बाहेरून पाण्याचा फवारा मारून स्वच्छ केले; मात्र वरची पेटी उघडून पाहण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.

हाताने उघडायच्या शटरमध्ये सर्वांत महत्त्वाचा भाग हाच असतो आणि तोच नजरेआड असतो. दहा फूट रुंद व आठ फूट उंच अशा १८ गेज जाडीच्या पत्र्याच्या शटरचे वजन शंभर किलोच्या आसपास जाते. ते एका माणसाला उचलता येते, कारण वरच्या पाईपवर बसवलेल्या स्प्रिंगा त्यातील बहुतेक भार स्वतःवर घेतात. शटर खाली ओढताना स्प्रिंगांना पीळ बसतो आणि वर ढकलताना तो उलगडत जातो. म्हणजे दुकान बंद असते तेव्हा या स्प्रिंगा पूर्ण ताणलेल्या असतात. २०२०च्या टाळेबंदीत बहुतेक दुकाने आठवड्यांमागून आठवडे बंद राहिली, तेव्हा शटरच्या स्प्रिंगा त्याच अवस्थेत, कोकणच्या दमट हवेत, तेलाच्या थेंबाविना होत्या. त्यानंतर शटर जड झाल्याची तक्रार आमच्या रांगेत बहुतेकांनी केली, आणि उपाय म्हणून बहुतेकांनी फक्त अधिक जोर लावला. मीही त्यांतलाच एक.

स्प्रिंग थकली आहे का, हे ओळखण्यासाठी मिस्त्रीची गरज नसते. शटर अर्ध्या उंचीवर आणून हात सैल सोडावेत, मात्र पाय आणि बोटे त्याखाली ठेवू नयेत. ते तिथेच थांबले तर तोल ठीक आहे. आपोआप खाली येऊ लागले तर पीळ कमी झाला आहे, आणि झपाट्याने वर गेले तर पीळ जास्त दिलेला आहे. एका बाजूने आधी वर जात असेल, तर बहुधा एक स्प्रिंग तुटलेली असते किंवा शटर ज्यातून सरकते ते बाजूचे लोखंडी चॅनेल वाकलेले असते. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. मी दुकानात चौतीस वर्षे बसतो आहे आणि ती मला गेल्या वर्षी कळली, हे येथे कबूल करतो.

यापुढचे काम मात्र स्वतः करण्याचे नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ताणलेल्या स्प्रिंगचा बोल्ट सैल केला तर पाईप गर्रकन फिरतो आणि हातातला पाना फेकला जातो. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रींनी प्रथम शटर पूर्ण वर गुंडाळून दोराने बांधले, मग पाईपला मोठा पाना लावून दोघांनी तो धरला, आणि त्यानंतरच क्लॅम्प सैल करून उरलेला पीळ हळूहळू उतरवला. एवढी खबरदारी न घेणाऱ्याला शिडीवर चढू देऊ नये. तुटलेली स्प्रिंग वेल्डिंग करून चालवून घेऊ, असे सांगणाराही एकजण आधी भेटला होता. तापवलेल्या जागी स्प्रिंगच्या पोलादाचा लवचिकपणा जातो आणि ते जोडाजवळच पुन्हा तुटते, त्यामुळे ही बचत फसवी आहे. एक स्प्रिंग तुटली असेल तर सोबतच्या स्प्रिंगाही त्याच वयाच्या असतात. त्या एकाच वेळी बदलून घेणे अंती स्वस्त पडते.

रोजच्या देखभालीबद्दल आपल्या बाजारात एक गैरसमज पक्का बसलेला आहे. शटर करकरले की गॅरेजमधून जळके ऑइल आणून दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये ओतायचे. ते काही दिवस गुळगुळीत चालते, नंतर रस्त्याची धूळ त्या तेलात बसून काळे लुकण तयार होते आणि पट्ट्यांची टोके त्यात घासू लागतात. ग्राहकांच्या कपड्यांना डाग पडतात ते वेगळेच. चॅनेल कोरड्या ब्रशने साफ करून त्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा हलका हात किंवा मेणबत्ती फिरवणे पुरेसे असते. घट्ट ग्रीसची जागा वर, बेअरिंग आणि स्प्रिंगवर आहे. पट्ट्या आडव्या सरकू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना क्लिपा असतात. एखादी क्लिप पडली की ती पट्टी बाजूला सरकते, चॅनेलला घासते आणि सगळे शटर अडते. अशा वेळी जोर केल्यास शेजारच्या पट्ट्याही वाकतात. शटर बंद करताना खालच्या पट्टीवर पाय देऊन दाबण्याची सवयही सोडायला हवी. ओट्यावरचे पाणी जिथे साचते तिथे हीच पट्टी आधी गंजते, म्हणून पावसाळ्यापूर्वी तिला रेड ऑक्साईडचा हात द्यावा.

अलीकडे दोन गाळ्यांमधली भिंत काढून समोर सोळा फुटांचे एकच शटर बसवण्याची हौस वाढली आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांनुसार हाताने ढकलून उघडायचे शटर १० चौरस मीटरपर्यंत असावे, त्याहून मोठ्याला सर्वसाधारणपणे गिअर हवा. सोळा फूट रुंद व नऊ फूट उंच शटर १३ चौरस मीटरच्या पुढे जाते. तरीही गिअरचे पैसे वाचवण्यासाठी जास्त स्प्रिंगा घालून ते हातावरच चालवले जाते आणि रोज सकाळी दोन नोकर खांदे लावून ते उचलतात.

खर्च कोणी करायचा, यावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात कामे अडतात. माझ्या गाळ्याच्या मालकांनी शटर तुम्ही वापरता, तुम्हीच करा, असे उत्तर दिले होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो; मात्र वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. करारात काही वेगळे ठरले आहे का, हे ज्याने त्याने आधी वाचून घ्यावे. मी नोटीस पाठवली नाही, अर्धा खर्च मागितला आणि तो मिळाला. कलमाचा उल्लेख केल्यावर बोलणे लवकर संपले, एवढे मात्र खरे.

ठिकठिकाणच्या व्यापारी संघटनांना माझी विनंती आहे की त्यांनी मे महिन्यात ओळखीच्या मिस्त्रीकडून एकेका रांगेतील शटरच्या पेट्या एकत्र तपासून घ्याव्यात. मिस्त्रीला एकाच दुकानासाठी शिडी आणि माणूस घेऊन येणे परवडत नाही, रांग असेल तर तो आनंदाने येतो आणि दरही कमी लावतो. ज्या बाजारात पुराचे पाणी शिरले होते, तिथे हे काम आधी व्हावे. आमच्या रांगेतील सात दुकानदारांनी या वर्षी असे केले. सातपैकी तीन पेट्यांमध्ये २०२१ चा गाळ तसाच होता, आणि एका पेटीत तर तुटलेल्या स्प्रिंगवरच शटर चालू होते. त्या दुकानदाराला ते फक्त थोडे जड वाटत होते.

आपला,
एक किराणा दुकानदार,
चिपळूण