टाळेबंदीत आम्हांला खरे सांगणाऱ्या भाऊंस

आदरणीय भाऊ,

स. न. वि. वि.

आपले किंवा आपल्या विमान-तिकिटांच्या कार्यालयाचे नाव या पत्रात येऊ नये, ही आपलीच अट असल्यामुळे नुसते ‘भाऊ’ असे संबोधून हे जाहीर पत्र लिहीत आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात ज्यांचा आपल्याशी संबंध आला आहे, ते ओळखतीलच. २०२० च्या मार्चपासून पुढे कित्येक महिने आपण माझ्या मुलीसाठी, जावयांसाठी आणि तान्ह्या नातीसाठी जे केलेत, त्याबद्दल तोंडी आभार आम्ही अनेकदा मानले आहेत. परंतु आपण नेमके काय केलेत, हे चार लोकांपुढे मांडल्यावाचून ते आभार अपुरेच राहतील, असे मला वाटते.

आमच्या आप्तेष्टांत आजही असा समज आहे की, आपली वर कुठेतरी ओळख होती आणि तिच्या जोरावर मुलीला विमानात जागा मिळाली. तसे काहीही नव्हते. आपण सरकारी आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेत, त्यातले आम्हांला काय लागू आहे आणि काय नाही हे दर वेळी स्पष्ट सांगितलेत, आणि जे होण्यासारखे नव्हते त्याची आशा आम्हांला एकदाही लावली नाहीत. प्रत्येक जण काहीतरी ऐकीव सांगत होता आणि आमचा जीव टांगणीला लागला होता, अशा वेळी खात्रीचा शब्द आम्हांला फक्त आपल्याकडून मिळाला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मुलगी, जावई आणि नात न्यू जर्सीहून बडोद्याला येणार होती. नातीचे जावळ कुलदैवतासमोर काढायचे ठरले होते आणि तिघांची तिकिटे आम्ही फेब्रुवारीतच आपल्याकडून काढून घेतली होती. मुलगी आणि जावई भारतीय नागरिक. नात मात्र अमेरिकेत जन्मल्यामुळे जन्मानेच अमेरिकन नागरिक, आणि तिच्यापाशी ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड. हा फरक घरात कोणाच्या गणतीतही नव्हता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, १३ मार्चपासून बहुतेक सगळे व्हिसा स्थगित होणार अशी बातमी आली, तेव्हा जो तो विमाने चालू राहतील की नाही याचीच चर्चा करीत होता. आपण मात्र त्याच रात्री फोन करून म्हणालात, “बाई, ओसीआय कार्डावर व्हिसाशिवाय येण्याची जी सवलत असते, तीही थांबवली आहे. विमान उडाले तरी बाळाला त्यात बसू देणार नाहीत.” तो फोन आला नसता, तर पुढचे दोन महिने आम्ही भलत्याच गोष्टीची वाट पाहत बसलो असतो.

त्यानंतरचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच सुमारास परदेशातून येणारी प्रवासी विमाने बंद झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि देशांतर्गत विमानेही जमिनीवर आली. आपल्या कार्यालयाला कुलूप लागले. एप्रिलमध्ये नागरवाड्याचा भाग सील झाला आणि आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर पोलिसांचे अडथळे उभे राहिले. टाळेबंदी पहिल्यांदा १४ एप्रिलपर्यंत होती. ती ३ मे, १७ मे, ३१ मे अशी पुढे सरकत गेली. प्रत्येक वेळी तारीख बदलली की नवे नियम येत आणि ते वाचून होण्याआधीच त्यांचे अर्धवट सारांश मोबाइलवर फिरू लागत.

एप्रिलच्या मध्यावर जावयांची नोकरी गेली. अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळवायची, अर्ज करून आपला दर्जा बदलून घ्यायचा, नाहीतर देश सोडायचा. म्हणजे तिकडे राहण्याची मुदत संपत आलेली आणि इकडे येण्याचे दार बंद. आमचे यजमान आपल्याला फोन करून म्हणाले की, आता तुम्हीच काय तो मार्ग सांगा. त्यावर आपण दिलेले उत्तर माझ्या पक्के लक्षात आहे. आपण म्हणालात की, अमेरिकेतल्या मुदतीविषयी मी बोलणे बरोबर होणार नाही, त्यासाठी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला आजच गाठा. भारतात येण्याचे नियम काय आहेत, तेवढे मी पाहतो. वकिलाच्या सल्ल्याने जावयांनी मुदतीच्या आत अर्ज दाखल केला आणि निदान तिकडची टांगती तलवार दूर झाली. स्वतःला जे येत नाही ते येते असे भासवणारी माणसे त्या काळात पुष्कळ भेटली. आपण आपल्या कामाची हद्द कधी ओलांडली नाहीत, म्हणूनच हद्दीच्या आत आपण जे सांगाल त्यावर आम्हांला डोळे मिटून विश्वास ठेवता आला.

खरी कसोटी मे महिन्यात लागली. ७ मे रोजी परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणण्याची वंदे भारत मोहीम सुरू झाली. पहिली विमाने आखाती देशांतून केरळात उतरली आणि पाठोपाठ अमेरिकेतल्या उड्डाणांची यादी आली. तीत नेवार्कहून मुंबईमार्गे अहमदाबादला येणारे विमानही होते. ते वाचून घरात जो आनंद झाला, तो एका दिवसात मावळला. या विमानांतून भारतीय नागरिकांना आणायचे होते, ओसीआय कार्डांवरची स्थगिती मात्र मे महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा वाढवण्यात आली होती. आईवडिलांना जागा मिळू शकत होती, दहा महिन्यांच्या बाळाला नाही. एका परिचितांनी सल्ला दिला की, तिकिटे काढून सरळ विमानतळावर जावे, तान्हे मूल पाहून कोणीही अडवणार नाही. जावईबापूंचा कलही तसाच होता. तिकीट माणशी सुमारे एक लाख रुपयांचे, घरातली कमाई बंद, आणि न्यू जर्सीत तर कोरोनाचा कहर चाललेला. आपण जावयांशी स्वतः बोललात आणि आदेशातले वाक्य त्यांना वाचून दाखवलेत. दाराशी उभा असलेला कर्मचारी कितीही दयाळू असला तरी आदेशाविरुद्ध बाळाला विमानात बसवण्याचा अधिकार त्याला नाही, हे आपण त्यांना शांतपणे समजावलेत. त्याऐवजी न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासात तिघांची नोंदणी करा, बाळाचे नागरिकत्व आणि कार्ड यांचा उल्लेख न लपवता करा, आणि हीच अडचण वेगळ्या पत्राने कळवून ठेवा, असे आपण सुचवलेत. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांमुळे विमानतळावरून परत फिरावे लागलेल्या कुटुंबांची बातमी त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत आली. ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

इथे मनातले एक बोलते. साथ आवरण्यासाठी सीमा बंद करणे आवश्यक होते, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु भारतीय आईबापांच्या कडेवरच्या मुलाला परकीय ठरवणारी ही त्रुटी दुरुस्त व्हायला १३ मार्च ते २२ मे एवढा काळ लागायला नको होता. ज्यांनी तो नियम लिहिला, त्यांच्यासमोर अशी कुटुंबे आली नसावीत. आपल्यासमोर आम्ही होतो, म्हणून आपल्याला ती त्रुटी पहिल्याच दिवशी दिसली.

२२ मे रोजी गृह मंत्रालयाने ओसीआय कार्डधारकांच्या चार गटांना येण्याची मुभा दिली, आणि त्यांतला पहिलाच गट परदेशात भारतीय नागरिकांच्या पोटी जन्मलेल्या अल्पवयीन मुलांचा होता. त्या संध्याकाळी आपण व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवलात. तो मी नंतर छापून घेतला आणि नातीच्या जन्मदाखल्यासोबत जपून ठेवला आहे. फुलस्केप कागदावर निळ्या शाईने आखलेले तीन रकाने आहेत: आदेशाची तारीख, आदेश काय म्हणतो, आणि ‘आपल्याला लागू?’ १३ मार्चपुढे लिहिले आहे, ‘बाळाला लागू. येता येणार नाही.’ २२ मार्चपुढे, ‘सर्वांना लागू.’ ७ मेपुढे, ‘आईवडिलांना लागू, बाळाला नाही. थांबावे.’ आणि सर्वांत खाली २२ मेपुढे, ‘लागू. बाळ येऊ शकते. जागा मात्र दूतावासाच्या यादीवर, त्याची खात्री मी देऊ शकत नाही.’ एवढ्या आनंदाच्या घटकेलाही ते शेवटचे वाक्य लिहायला आपण विसरला नाहीत. मी जन्मभर शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या. इतका नेटका आणि इतका प्रामाणिक कागद माझ्या हाताखालून क्वचितच गेला असेल.

दोनच दिवसांनी, २४ मे रोजी, आरोग्य मंत्रालयाची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. परदेशातून येणाऱ्याने सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात आणि पुढचे सात दिवस घरी राहायचे होते. हॉटेलच्या बंद खोलीत बाळाचे कसे होणार, या काळजीत आम्ही असताना आपण त्याच कागदपत्रातला अपवाद दाखवलात: गर्भवती, गंभीर आजारी, ज्यांच्या घरात मृत्यू झाला आहे असे लोक आणि दहा वर्षांखालील मुलांसह येणारे आईवडील यांना राज्य सरकार तपासून चौदा दिवसांच्या गृहविलगीकरणाची परवानगी देऊ शकत होते. ‘देऊ शकते’ म्हणजे ‘देईलच’ असे नाही, हेही आपण बजावलेत. मग अर्जाचा मसुदा आपणच केलात. बाळाचा जन्मदाखला, तिघांचे पासपोर्ट, आमच्या माडीवरच्या खोलीला स्वतंत्र न्हाणीघर असल्याचे हमीपत्र, हे सर्व ज्या क्रमाने विचारले जाईल त्याच क्रमाने लावून दिलेत. परवानगी नाकारली गेली तर कोणत्या हॉटेलात राहावे लागेल आणि त्याला किती खर्च येईल, याची चौकशीही आपण आधीच करून ठेवली होती.

जूनमध्ये तिघे अहमदाबादला उतरले. परवानगी मिळाली, गाडी मिळाली, आणि त्या रात्री ते माडीवर पोहोचले. चौदा दिवस आम्ही जिन्याच्या पायरीवर जेवणाचे ताट ठेवून खाली यायचो आणि नात वरून दाराच्या फटीतून हात काढायची. पुढे जावयांना बडोद्यातच काम मिळाले.

आता पैशांविषयी लिहिणे भाग आहे, कारण त्या बाबतीत आपण कधीच बोलणार नाही. एप्रिलची रद्द झालेली तिकिटे आपल्यामार्फत काढलेली होती. विमान कंपनीने पैसे परत करण्याऐवजी पुढील प्रवासासाठी जमा ठेवण्याची तयारी दाखवली, तेव्हा आमच्या लेखी संमतीवाचून आपण ती स्वीकारली नाहीत आणि महिनोन्‌महिने पाठपुरावा करीत राहिलात. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीतल्या तिकिटांच्या परताव्याविषयी निर्णय दिला. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटाने हाती पडताच प्रवाशाला द्यावेत, असेही त्यात होते. आपल्याकडे आमचे पैसे आले, त्याच दिवशी ते आमच्या खात्यात जमा झाले. त्या वेळी आपल्या कार्यालयाचे भाडे चालू होते, मदतनिसाचा पगार आपण थांबवला नव्हता, आणि मिळकत मात्र जवळजवळ शून्य होती. जुलैपासून अमेरिका, फ्रान्स अशा काही देशांशी द्विपक्षीय करारांनी मर्यादित विमाने सुरू झाली खरी, पण नियमित आंतरराष्ट्रीय सेवा पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडावे लागले. दोन वर्षे ज्याचा धंदाच बसला होता, त्याने दुसऱ्याच्या पैशाला क्षणभरही हात लावला नाही, हे बडोद्याला कळले पाहिजे.

आमच्यापुरतेच हे नव्हते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कॅनडाने भारतातून येणारी थेट विमाने बंद केली आणि ती सप्टेंबरअखेरपर्यंत बंदच राहिली. माझ्या मैत्रिणीच्या नातवाचे तिकडच्या कॉलेजचे सत्र तोंडावर आले होते. तिसऱ्या देशातून जाता येते, पण तिथे उतरून नवी कोरोना चाचणी करावी लागते, ती पॉझिटिव्ह आली तर तिथेच अडकून पडावे लागते, आणि एकूण खर्च नेहमीच्या तिकिटाच्या कितीतरी पट होतो, हे सर्व आपण त्या मुलाच्या वडिलांना समोर बसवून सांगितलेत. अशा प्रवासाची तिकिटे विकून त्या वेळी चांगले कमिशन मिळाले असते. आपण त्यांना कॉलेजकडून पहिले सत्र घरूनच ऑनलाइन करण्याची मुभा मागायला सांगितलेत. ती मिळाली, आणि मुलगा थेट विमाने सुरू झाल्यावर निर्धास्त गेला.

या साऱ्या कामाचे बिल आपण आम्हांला आजवर दिलेले नाही. फोन, अर्ज, पत्रव्यवहार, काही काही नाही. विचारले की विषय बदलता. येत्या दिवाळीनंतर आम्ही दोघे धाकट्या मुलाकडे सिंगापूरला जाणार आहोत. तिकिटे आपल्याकडूनच काढणार आहोत, आणि त्या बिलात २०२० च्या कामाची रक्कम आपण स्वतंत्र ओळीत लिहावी, अशी यजमानांची आणि माझी आग्रहाची विनंती आहे. ती ओळ नसलेले बिल आम्ही स्वीकारणार नाही. पासपोर्टच्या प्रती घेऊन सोमवारी सकाळी कार्यालयात येते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली कृतज्ञ,
दांडिया बाजारातील एक निवृत्त शिक्षिका, बडोदे