बिनभांडवली धंद्याचे भांडवल कोण पुरवते?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘बिनभांडवली व्यवसाय’ या विषयावर अलीकडे वर्तमानपत्रांतून जो मजकूर येतो, तो मी आवर्जून वाचते, कारण आमच्या घरात दोन पिढ्या हेच चालले आहे. माझी आई लालबागच्या चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवत असे आणि मी गेली अकरा वर्षे कार्यालयांना दुपारच्या जेवणाचे डबे पुरवते. या लेखांत पहिल्या दिवशी लागणाऱ्या पैशांविषयी पुष्कळ असते. गिऱ्हाइकाकडून पैसे येईपर्यंत तग धरण्यासाठी लागणाऱ्या पैशांविषयी मात्र जवळजवळ काहीच नसते.

हिशेब साधा आहे. एखाद्या बाईने घरच्याच शेगडीवर आणि घरच्याच भांड्यांत रोज 40 डबे करायला घेतले आणि एका डब्याला किराणा, भाजी व गॅस मिळून 50 रुपये लागले, तर दिवसाला 2,000 आणि 25 दिवसांच्या महिन्याला 50,000 रुपये खर्च होतात. कार्यालयाचे बिल महिनाअखेरीस लागते आणि पुढे दीड महिन्याने त्याचा चेक निघतो. म्हणजे पहिला रुपया हातात पडण्याआधी तिचे सव्वा लाख रुपये अडकलेले असतात, आणि यात तिची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. ही रक्कम कुठून तरी येतेच. बहुधा वाण्याच्या उधारीतून, नाही तर तिच्या बांगड्यांतून.

आईच्या वेळी तरी वेगळे काय होते? कामगार महिनाभर जेवत आणि पगार झाला की पैसे देत. तोवर आई वाण्याकडून उधारीवर धान्य आणी आणि फारच ओढाताण झाली तर सावकाराकडे जाई. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून अशा खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा या बायकांची खरी अडचण त्यांनी नेमकी ओळखली होती, असे मला वाटते. स्वयंपाक त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांची मान सावकाराच्या व्याजातून सोडवायची होती. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला आणि आमच्याकडे जेवणारे बरेचसे कामगार कोकणात गावी निघून गेले. स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलेली त्यांची बाकी आईने वसूल केली नाही, पण वाण्याची उधारी मात्र पुढची तीन वर्षे फेडली.

लिज्जत पापडाचे उदाहरण अशा प्रत्येक लेखात येते. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे खरेच आहे. पण लेखक त्या 80 रुपयांपाशीच थांबतात. पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटण्याची मजुरी रोजच्या रोज चुकती करायची ही तिथली रीत, आणि ती पाळायची तर विक्रीचा पैसाही फार काळ बाहेर अडकून चालत नाही. नव्याने धंद्यात पडणाऱ्याला त्या उसनवारीपेक्षा पैशाच्या या फिरण्यातून अधिक शिकता येईल.

सरकारी योजनांना मी नावे ठेवत नाही. 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात तारणाशिवाय 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. मात्र वरच्या हिशेबात ही रक्कम एका महिन्याच्या सामानातच संपते, आणि उरलेले 75,000 उभे करताना ती बाई पुन्हा वाण्याच्याच दारात जाते.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने या दुखण्यावर औषध दिलेले आहे. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे चुकते झाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते. ती मी केलेली आहे आणि तरीही एका उपाहारगृहाच्या कंत्राटदाराने माझे बिल पाच महिने अडकवले, तेव्हा मी तक्रार केली नाही. कारण सरळ होते : तक्रार केली असती तर पुढच्या महिन्याचे 60 डबे त्याच दिवशी बंद झाले असते. हा माझा भित्रेपणा म्हणता येईल, परंतु माझ्या ओळखीच्या पोळी-भाजी केंद्रवाल्यांपैकी एकानेही आजवर या कायद्याचा आधार घेतलेला नाही. पुरवठादाराने दाद मागितल्यावरच जो कायदा हलतो, तो दाद मागणे न परवडणाऱ्याच्या किती उपयोगाचा, याचा विचार व्हायला हवा. निदान महापालिकेने आणि सरकारी कार्यालयांनी आपल्या उपाहारगृहांची कंत्राटे देताना, आधीच्या छोट्या पुरवठादारांचे पैसे चुकते केल्याचा पुरावा कंत्राटदाराकडून मागावा, एवढे तर सहज करता येण्यासारखे आहे.

मी स्वतः गेल्या वर्षीपासून आठवड्याचे पैसे सोमवारी आगाऊ घेते. पाच कार्यालयांपैकी तिघांनी डबे बंद केले. दोन टिकली आहेत आणि वाण्याची वही सध्या कोरी आहे.

आपली,
एक डबे पुरवणारी, लालबाग, मुंबई