व्हेनिसची ‘एक नंबर’ बोट

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला व्हेनिसवरचा लेख वाचला. त्यात गोंडोला आहे, मुखवटे आहेत, सेंट मार्कच्या चौकातली कबुतरं आहेत. त्या गावची एसटी तेवढी राहिली. मी चौतीस वर्षं एसटीत वाहक होतो, म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीबरोबर तिकडे गेलो होतो. पिआझाले रोमाला रस्ता संपतो. बसगाड्या तिथूनच माघारी वळतात, पुढे सगळं पाणी. तिथून सुटणाऱ्या सार्वजनिक बोटीला वापोरेत्तो म्हणतात, म्हणजे छोटी आगबोट. १८८१मध्ये ती वाफेवर सुरू झाली. वाफ गेली, नाव राहिलं.

गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो. बोटीचं तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं. आपल्या हिशेबानं तेही महागच. गावच्या लोकांना मात्र पासावर फार कमी पडतं, आणि ते योग्यच आहे.

एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉल या गावातल्या मुख्य कालव्यातून सगळे थांबे घेत जाते, एकदा या काठाला, एकदा त्या. दोन नंबरची जलद. पाहायला गेलात तर ती नको. तिथल्या जुन्या वाड्यांचं तोंड पाण्याकडे आहे, गल्लीतून नुसती मागची भिंत दिसते. ‘का दोरो’ हा पंधराव्या शतकातला वाडा आम्ही आधी गल्लीतून शोधला होता आणि ‘हाच का तो?’ म्हणून परत फिरलो होतो. बोटीतून पाहिला तेव्हा दगडाची जाळी बघत बायको थांबा जाईपर्यंत गप्प होती.

मी मात्र बोटीवरचा माणूस बघत होतो. थांबा आला की हातातला दोर धक्क्याच्या खुंटाला एकाच झटक्यात अडकवायचा, बोट टेकली की लोखंडी फाटक सरकवायचं, आधी उतरणारे, मग चढणारे. कुणी पाठीवरची सॅक काढली नाही तर तो हातानंच खूण करतो. घंटी नाही, पण काम आमचंच.

आमची फजितीही सांगतो. चढण्याआधी तिकीट धक्क्यावरच्या यंत्राला लावायचं असतं. ते मी विसरलो. तपासनीस आला असता तर चौतीस वर्षांची नोकरी पाण्यात! पुढच्या थांब्यावर उतरून तिकिटं लावली, तोवर बोट निघून गेली. दहा-बारा मिनिटांत दुसरी आली, पण त्यात बसायला जागा नव्हती. त्यामुळे रिआल्तोचा १५९१चा पूल मी एका भाजीच्या पिशवीवरून मान उंच करून पाहिला. १८५४पर्यंत या कालव्यावर तेवढा एकच पूल होता. शेवटी उजव्या हाताला सालूते, १६३०च्या प्लेगात बोललेला नवस फेडायला बांधलेलं चर्च. तोपर्यंत बायकोला बसायला मिळालं होतं.

तेव्हा पुरवणीत पुन्हा व्हेनिसवर छापाल तेव्हा चौकटीत एवढं टाका: बोट एक नंबर, बसायचं पिआझाले रोमालाच. पुढच्या फेरोव्हिया, म्हणजे रेल्वे स्टेशनच्या थांब्यावर अख्खी रेल्वे चढते.

– एक निवृत्त वाहक, कराड