पत्ता बदलला, गाव तेच

लॉइडमिन्स्टर, कॅनडा,
१८ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा व्हिसाचा फॉर्म भरताना तुम्ही अडलात. जुन्या पत्त्यात प्रांत आल्बर्टा, नव्यात सास्काचेवान. "गाव सोडलंस आणि आम्हाला सांगितलंही नाहीस?" आई, तुझा तो आवाज दोन दिवस कानातून जात नाहीये. म्हणून हे पत्र.

गाव सोडलेलं नाही. जुन्या घरापासून नवं घर पायी बारा मिनिटांवर आहे. मधे पन्नासावी ॲव्हेन्यू ओलांडावी लागते, आणि दोन प्रांतांची हद्द त्याच रस्त्यावरून जाते.

इथे वस्ती आधीची, रेघ नंतरची. १९०३ साली जवळजवळ दोन हजार इंग्रज लिव्हरपूलहून बोटीने निघाले. सास्काटूनपर्यंत रेल्वे होती, तिथून पुढे तीनेकशे किलोमीटर गाड्या जुंपून चिखलातून आले. त्यांना घेऊन येणाऱ्या आयझॅक बार या माणसावरचा विश्वास वाटेतच उडाला, तेव्हा त्यांनी जॉर्ज लॉइड या पाद्र्याला पुढे केलं. गावाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. (जमीन इथल्या मूळच्या क्री लोकांची, त्यांच्याशी १८७६ मध्ये झालेल्या सहाव्या करारातली. वसाहतीची गोष्ट सांगताना हे वाक्य गळतं, मला ते गाळायचं नाही.) दोनच वर्षांनी, १९०५ मध्ये, ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने, आल्बर्टा आणि सास्काचेवान असे दोन प्रांत केले आणि हद्द धरली ११० अंश पश्चिम रेखावृत्ताची. ती नेमकी गावाच्या मधून गेली. लोकांनी अर्ज केला की अख्खं गाव सास्काचेवानात घ्या. तो मान्य झाला नाही. पुढची पंचवीस वर्षं एका गावात दोन पालिका नांदल्या. १९३० मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून त्यांची एक पालिका केली आणि १९५८ मध्ये तिला शहराचा दर्जा दिला.

बाबा, तुम्हाला हे नवं नाही. आपल्या नवापूर स्टेशनवर तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर गुजरातेत. रूळ जुने, रेघ १ मे १९६० ची. त्या बाकड्यावर मला मधोमध बसवून तुम्ही म्हणायचात, आता सांग, कुठल्या राज्यात आहेस? तो खेळ इथे मी रोज खेळते. फरक एवढाच की नवापुरात स्टेशन दोन राज्यांचं आहे, इथे सबंध शहर.

आता घर बदलल्याने काय बदललं ते सांगते. आरोग्य कार्ड, गाडीचा परवाना आणि गाडीचा विमा हे तिन्ही नवे करावे लागतात. प्राप्तिकर ३१ डिसेंबरला तुम्ही ज्या प्रांतात राहता त्याचा, म्हणजे यापुढे मी सास्काचेवानला भरणार. पिनकोड टी ऐवजी एसने सुरू होतो. पण पालिका, महापौर, पाण्याचं बिल, कचऱ्याची गाडी सगळं तेच. इस्पितळ सास्काचेवानच्या बाजूला आहे, तिथे दोन्हीकडचे रुग्ण जातात. शाळा दोन्हीकडे, अभ्यासक्रम मात्र सास्काचेवानचा. त्या प्रांताचा सहा टक्के विक्रीकर इथल्या दुकानांत लागत नाही, कारण शंभर पावलांवर आल्बर्टात तसा करच नाही. लावला असता तर अर्धा बाजार ओस पडला असता. सास्काचेवानात इतरत्र बहुतेक ठिकाणी घड्याळं ऋतूप्रमाणे पुढेमागे करत नाहीत, पण आमचं घड्याळ दोन्ही बाजूंना आल्बर्टाचं. म्हणजे आई, आपल्या फोनची वेळ बदलणार नाही. माझे सकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात तुझे रात्रीचे साडेआठच.

२०२१ च्या जनगणनेत इथे ३१,५८२ माणसं होती, १९,७३९ आल्बर्टाच्या बाजूला आणि ११,८४३ सास्काचेवानच्या. आल्बर्टात शहर व्हायला दहा हजार वस्ती लागते, सास्काचेवानात पाच हजार. म्हणजे दोन्ही अर्धी वेगळी झाली तरी प्रत्येकाला शहर म्हणवून घेता येईल. तरी ती वेगळी होत नाहीत. कारभार चालतो तो दोन्ही सरकारांनी मंजूर केलेल्या सनदेवर; त्यात काही बदलायचं तर आल्बर्टाची राजधानी एडमंटनलाही पटवा आणि सास्काचेवानची राजधानी रेजायनालाही. किचकट काम आहे, करोनात तर एकाच गावात दोन नियम होते. पण कुणालाही विचारा, तुम्ही कुठले? उत्तर येतं, "लॉइडचे." प्रांताचं नाव कुणी आधी घेत नाही. सात वर्षांत माझंही तेच झालं, आणि मला ते फार आवडतं. परक्या देशात एका गावाने मला आपलं म्हणताना मी रेघेच्या कुठल्या बाजूला राहते हे विचारलं नाही.

तर बाबा, फॉर्मवर शहर लॉइडमिन्स्टर आणि प्रांत सास्काचेवान लिहा. विमान एडमंटनला उतरेल, तिथून गाडीने साधारण अडीचशे किलोमीटर. गावात शिरलात की तीस मीटर उंच लाल खांब दिसतील, जमीन मोजणाऱ्यांच्या खुणेसारखे, १९९४ साली हद्दीवर उभारलेले. ते मागे गेले की डावीकडची दुसरी गल्ली. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत करून आणा.

तुमची,
लेक